देवीची झोप, पेंटरची सुट्टी

मी आयुष्यभर आभाळावर चाललो, तेही अनवाणी. बढाई नाही ही. नाटकाचे पडदे रंगवायचा माझा धंदा. पडदा म्हणजे बारा-पंधरा हात लांब मांजरपाट. पट्टे एकाला एक शिवून ते जमिनीवर पसरायचं, खिळ्यांनी ताणायचं, चिंचोक्याची खळ द्यायची आणि वाळलं की त्याच्यावरच उभं राहून लांब दांड्याच्या कुंचल्यानं रंगवत सुटायचं. आभाळ निळं करायचं तर आभाळावरच उभं राहावं लागतं. चपलांचे ठसे उमटतात, म्हणून पाय उघडे. त्यामुळं माझ्या टाचा कायम निळ्या, नाहीतर गेरूच्या. लग्नात सासऱ्यांनी माझे पाय धुतले आणि ताम्हणातलं पाणी हिरवं झालं. भटजी मंत्र विसरले. सासरेबुवा मात्र शहाणे, “कलाकार माणूस आहे,” म्हणाले आणि दुसरं ताम्हण मागवलं.

पडद्याची एक गंमत सांगतो. जवळून बघाल तर नुसते फराटे. वाटेल, चुना देणाऱ्यानं वैतागून कुंचला झटकलाय. वीस हात मागं जा, की महाल दिसतो, खांब दिसतात, खांबांच्या पलीकडं बाग दिसते. पण ज्यानं तो काढला तो कधीच वीस हात मागं नसतो. नाटक सुरू झालं की तो विंगेत दोऱ्या धरून उभा. निदान मी तरी तसाच होतो, आणि त्यातच मोठेपणा मानत होतो. गाढवपणा होता तो, पण ते पुढं.

आम्ही मूळचे मिरजेचे. तिथं एका नाटक कंपनीत मी पडदे रंगवायला शिकलो. बोलपट आले, कंपनी बसली, आणि मी दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो. महाल रंगवणाऱ्या हातानं ‘येथे उधार मिळत नाही’ लिहायचं म्हणजे जिवावर यायचं. त्यात बरीच वर्षं गेली आणि हैदराबाद संस्थान विलीन झालं. निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची तरी परवानगी काढावी लागायची म्हणे. ती अडचण गेली आणि उस्मानाबाद जिल्ह्यात गावोगाव नाट्यमंडळं निघाली. पाटील राजा, वाणी प्रधान, तलाठी विदूषक आणि मिशा काढायला तयार झालेला एखादा मास्तर राणी. सगळं होतं, पडदे नव्हते. मला निरोप आला आणि मी ट्रंक भरली.

आई म्हणाली, “मोगलाईत जातोस? तिथं आपले पैसे तरी चालतात का रे?” नकाशावर देश एक झाला होता, आईच्या डोक्यात झाला नव्हता. तिच्या हिशेबी सोलापूर ओलांडलं की परदेश. तिनं बरोबर मीठ बांधून दिलं. मीठ! मी तिला हसलो, पण खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मलाही तो परदेशच वाटला. हद्दीवरचा करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा, ओस पडला होता. तरी आमच्या मोटारीचा ड्रायव्हर सवयीनं तिथं थांबला, खाली उतरला, इकडंतिकडं बघितलं आणि विचारायला कोणीच नाही म्हणून हिरमुसून परत चढला. तुळजापुरात उतरलो तर चहावाला विचारतो, “कुठल्या मुलखाचं म्हणायचं साहेब?” मी म्हटलं, “मिरज.” तो म्हणाला, “लई दूर आलाव की!” मी काय बोटीनं आलो होतो?

मंदिराच्या खालच्या आळीत काशीकाकूंच्या घरी दोन खोल्या आणि मोठं अंगण मिळालं. काकू विधवा, साठीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि आळीतल्या सगळ्यांच्या भांडणात त्यांचा शब्द शेवटचा. अंगण बघून मी खूश. अख्खा पडदा मावत होता.

वर्षभरानं माझी बायको, इंदू, आमच्या मुलीला घेऊन आली. कुमुद तेव्हा चार वर्षांची, आम्ही तिला कुमी म्हणायचो. इंदूनं मोटारीतून उतरता उतरताच अट घातली. “एक वर्ष बघते. पुढच्या संक्रांतीला दादा न्यायला येईल. राहायचं की जायचं ते तेव्हा ठरवू.” मी म्हटलं, “ठरवू की.” मनात म्हटलं, एवढी कामं चाललीत, कशाला जातेय ही?

माझं काम त्या वर्षी खरंच दणक्यात चाललं होतं. सकाळी सरस उकळायला ठेवायचा. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद; तो रंगात घातल्याशिवाय रंग कापडाला धरत नाही, आणि त्याचा वास घरात, कपड्यात, भाकरीत. दिवसभर अंगणात पडदा. जेवण पडद्याच्या काठावर. गिऱ्हाईक आलं की “पेंटर! ओ पेंटर!” अशी हाक. काकू पेंटर म्हणायच्या, दूधवाला पेंटर म्हणायचा. आठ-आठ दिवस मी बाहेरगावी, पडदे टांगायला.

एकदा परगावाहून आलो. कुमी दारात खेळत होती. मला बघून ती आत ओरडली, “आई, पेंटर आले!”

मी पोट धरून हसलो. आल्यागेल्याला किस्सा सांगितला. इंदू हसली नाही. ती म्हणाली, “मी परमुलखात एकटी आलेय. इथं मला कुणी ओळखत नाही, आणि ज्याच्या भरवशावर आले तो पडद्यावरच्या जंगलात राहतो. पोरीचं काय चुकलं?”

काकू वरच्या पायरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच निवाडा दिला.

“पेंटर, आमची आई वर्षातनं तीन बारी झोपती. ठावं हाय का?”

ठाऊक कसं नसेल? तुळजापूरची देवी खरंच झोपते. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. भाद्रपदात, नवरात्राच्या आधी आठ दिवस. दसरा झाला की पौर्णिमेपर्यंत पाच दिवस. आणि पौषात पुन्हा आठ. तिच्या गाद्यांचा कापूस पिंजायला आळीतल्या बायका जायच्या, काकूंचा त्यात पुढाकार.

“जिनं म्हैशासुर मारला तिला झोप लागती,” काकू म्हणाल्या, “आन तुमी कोन लागून गेलाव? आई झोपली की तुमचा कुंचला झोपंल. ट्रंकंला कुलूप, किल्ली माज्याकडं. मंजूर?”

मी म्हटलं, “मंजूर.” परमुलखात आलो तर तिथला कायदा पाळावा. शिवाय वर्षाचे एकवीस दिवस, त्यात काय मोठंसं!

भाद्रपदातले ते आठ दिवस मला खायला उठले. हाताला काम नाही. दोन दिवस तर मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. इंदूनं गहू निवडायला बसवलं. मी खड्यांची नक्षी करत बसलो, तर म्हणाली, “निवडा, चितारू नका.” तिसऱ्या दिवशी कुमीला खांद्यावर घेऊन बाहेर पडलो. मंदिराच्या पायऱ्या मोजल्या, दोघांचा आकडा वेगळा आला, म्हणून परत मोजल्या. तेव्हा मला कळलं की पोरगी ‘न्हाय’ म्हणते, ‘व्हय’ म्हणते, भाजीवालीशी भाव करते, आणि कोंबड्यांना भिते. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. संध्याकाळी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “बाबा, उद्या पन मोजू.”

देवी उठली, मी ट्रंक उघडली, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा “पेंटर, आई जेवायला बोलावती.” दसऱ्यानंतर देवी झोपली, पुन्हा बाबा. पौर्णिमा झाली, पुन्हा पेंटर. पोरीनं आपल्या मनाशी हिशेब पक्का करून टाकला होता. हे दोघं वेगळे, आणि त्यातला एक देवी झोपल्यावर येतो.

आता माझ्या बेइमानीकडं येतो. तिचं मूळ सोनारीत आहे.

सोनारीला भैरवनाथाच्या देवळाभोवती माकडांचं राज्य. तिथल्या मंडळाला मी आमराईचा पडदा करून दिला होता, पिकल्या आंब्यांचा. त्यांनी तो उन्हात टांगला आणि माकडांनी फाडला. मंडळाचे लोक गावभर सांगत सुटले, “पेंटरनं आंबं असं काढलं की माकडं फसली!” माझी कीर्ती परांड्यापर्यंत गेली. खरी गोष्ट अशी की त्या पडद्याला चिंचोके कमी पडले म्हणून मी कणकेची खळ दिली होती. माकडांना पीठ आवडलं. आंब्यांकडं एकानंही बघितलं नसेल. पण मी कशाला बोलतोय? मी मान खाली घालून कौतुक ऐकून घेतलं आणि पडदा फुकट दुरुस्त करून दिला. त्या दुरुस्तीत पंधरा दिवस गेले.

तेच पंधरा दिवस अणदूरच्या कामाचे होते. अणदूरच्या मंडळाचे अध्यक्ष शिवलिंगप्पा. भुसाराचे व्यापारी, कपाळाला भस्म, पोट पुढं, घरात कानडी, दुकानात मराठी आणि रागावले की दोन्ही. नाटकात राजा तेच. पौष पौर्णिमेला खंडोबाची जत्रा, जत्रेला नाटक आणि नाटकाला राजवाडा पाहिजे होता. मार्गशीर्षाची अमावास्या संपली, पौषाची प्रतिपदा लागली, देवी झोपली, ट्रंकेला कुलूप लागलं, आणि राजवाड्याच्या नावानं माझ्याकडं नुसतं खळ दिलेलं कोरं कापड होतं.

शिवलिंगप्पा सकाळीच हजर. “पेंटर, राजवाडा?”

“अष्टमीपर्यंत हात लावता येत नाही. देवी झोपलीय.”

“अय्यो! तुमची देवी झोपली. आमचा खंडोबा जागा हाय की!”

“शपथ आहे हो माझी.”

“शपथ कुठं घेतली? तुळजापुरात. राजवाडा कुठं लागनार? अणदुरात. आमच्या हद्दीत ही झोप लागू न्हाय. गाडी आनलिया, कापड घ्या न चला.”

हसू नका, मला हे पटलं. ज्याच्या मनात पाप असतं त्याला कुठलाही वकील चालतो. पौषातल्या थंडीत सरस भराभर आळतो, पुन्हा पुन्हा गरम करावा लागतो, राजवाड्याला दोन आठवडे लागणार होते. दिलेली तारीख मी उभ्या आयुष्यात चुकवली नव्हती, तीच माझी अब्रू. इंदूला सांगितलं, “कापड स्टेजला लावून माप घेऊन येतो, संध्याकाळपर्यंत परत.” कुलूपबंद ट्रंकेला हात लावला नाही. अणदुरात गेल्यावर चुना द्यायचा, केकताडाच्या वाखाचा कुंचला उसना घेतला, रंग तिथल्याच बाजारातून आणवले. म्हणजे कुंचला माझा नाही, जागा तुळजापूरची नाही. शपथ मोडली असं कोण म्हणेल? संध्याकाळी निरोप धाडला की मापाचं काम वाढलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी धर्मशाळेच्या अंगणात राजवाड्याच्या गच्चीवर उभा होतो. डाव्या बाजूचे खांब झाले होते, रंग असा लागला होता की मीच माझ्यावर खूश. शिवलिंगप्पा बाजूला बाजेवर बसून राजाचं भाषण पाठ करत होते. आणि दारातून इंदू, काकू आणि कुमी आत आल्या.

त्या मला पकडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आल्या होत्या भाकरी घेऊन. कुमी दोन दिवस दारात बसून होती, देवी झोपली तरी बाबा कसे आले नाहीत म्हणून. इंदू म्हणाली, आपणच जाऊ. काकू म्हणाल्या, खंडोबाचं दर्शनबी हुईल. वाटभर काकू तिला सांगत आल्या होत्या, “ट्रंकंचं कुलूप म्या रोज बघती. पेंटर इमानी मानूस हाय.”

कुमी पळत आली आणि कापडाच्या काठाशी थांबली. पडद्यावर पाय द्यायचा नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं माझ्या हातातला कुंचला बघितला, माझे निळे पाय बघितले. मग म्हणाली,

“पेंटर, माझे बाबा कुठं गेले?”

शिवलिंगप्पा मोठ्यानं हसले. “आगं पोरी, हेच की तुजे बाबा!”

“न्हाय,” कुमी म्हणाली. “देवी झोपल्यावर पेंटर नसतेत. बाबा असतेत.”

शिवलिंगप्पांचं हसू तिथंच विरलं. इंदूनं भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं. ती ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, उत्तरं तयार होती माझ्याकडं. ती फक्त म्हणाली, “बरं. संक्रांतीला दादा येतोच आहे.” काकूंनी कमरेच्या जुडग्यातून माझ्या ट्रंकेची किल्ली सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली. “घ्या. म्या उगाच कुलूप राखीत बसले हुते.”

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. मी कुंचला बादलीत टाकला, कापडावरून खाली उतरलो, हातपाय घासून धुतले आणि शिवलिंगप्पांना म्हटलं, “अष्टमीनंतर येतो.”

“आन माजा राजवाडा? राजा बसंल कुठं? गाव तोंडात शेण घालंल माज्या!” पुढचं ते कानडीत बोलले, ते मला कळलं नाही हे बरंच झालं.

“होईल तेवढा होईल. नाही झाला तर माझं नाव सांगा.”

मंडळांचा धंदा तोंडी बोलण्यावर चालतो. अणदुरात फजिती झाली की माकणीपासून सोनारीपर्यंत आठ दिवसांत बोभाटा. पण पोरगी माझ्याकडं बघत होती. मी तिच्यासमोर ओले हात धरले. तिनं ते उलटसुलट करून तपासले, नखांतला रंग बघून जरा विचार केला, आणि मग माझं बोट धरलं. भाकरी आम्ही तिथंच पायरीवर बसून खाल्ली. इंदू माझ्याशी बोलत नव्हती, पण चटणी वाढली.

उरलेले पाच दिवस मी घरी होतो. अष्टमीनंतर सकाळी जायचं, दिवेलागणीला परत यायचं, असं करून सहा दिवसांत जेवढा होईल तेवढा राजवाडा केला. अर्धा झाला. डावीकडं खांब, कमानी, झुंबर, आणि उजवीकडं कोरं मांजरपाट.

नाटकाला इंदू म्हणाली, “आम्ही समोर बसणार.” कुमीनं माझा हात सोडला नाही, म्हणून दोऱ्या दुसऱ्याच्या हाती देऊन मीही समोर बसलो. इतकी वर्षं पडदे रंगवून पहिल्यांदाच मी प्रेक्षकांत होतो. पडदा उघडला, लोकांनी तो अर्धवट महाल बघितला, कुजबुज सुरू झाली. शिवलिंगप्पा भरजरी अंगरख्यात ऐटीत आले, उजवीकडच्या पांढऱ्या कापडाकडं बघितलं आणि पदरचं वाक्य टाकलं, “प्रधानजी, राजवाड्याची ही बाजू?”

प्रधान गडबडला. मग हात जोडून म्हणाला, “महाराज, बांधकाम चालू हाय!”

असा हशा उसळला की कनाती हलल्या. पुढं दर प्रवेशाला लोक ओरडायचे, “प्रधानजी, काम कुठवर आलं?” आणि प्रधान नवीन सबब सांगायचा. कधी गवंडी आजारी, कधी चुना संपला. ते नाटक शोकांत होतं. राजा मेला तेव्हासुद्धा कुणीतरी म्हणालं, “वास्तुशांत राहिली की वो!” शिवलिंगप्पांना मेल्या जागी हसू आवरेना.

मी मात्र डावीकडं बघत होतो. वीस हातांवरून माझे खांब खरोखर उभे होते. त्यांच्यामागं बाग होती आणि बागेत ऊन पडलं होतं. मला हे ठाऊकच नव्हतं.

“बाबा,” कुमीनं कानात विचारलं, “हे पेंटरनं काढलं?”

“हो.”

“लई झ्याक काढलंय. सांगा त्यास्नी.”

“सांगतो,” म्हटलं. डोळे पुसायला इंदूचा पदर घेतला, तिनं ओढून घेतला नाही.

पुढं पंचवीस-तीस वर्षं मी हा नियम पाळला. दोन-चारदा मोडला असेल, नाही म्हणत नाही, पण चोरून नाही. गिऱ्हाइकांना सवय झाली. “देवी कवा झोपतीया ते बघून पडदा सांगा,” असं मंडळं एकमेकांना सांगायची. मग खेड्यापाड्यांतही सिनेमा आला, मंडळं मोडली, पडदे गेले. अणदूरचा राजवाडा शेवटी शेंगांच्या पोत्यांवर झाकण म्हणून बघितला, डाव्या बाजूच्या कमानी तेवढ्या ओळखू येत होत्या. पंधरा हात कापड कुणी घरात ठेवावं तरी कुठं? पण एखादा पडदा राहायला हवा होता, असं वाटतं. वाईट वाटतं.

तर, संक्रांत. जत्रेनंतर चौथ्या दिवशी मेहुणे आले. मिरजेहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून सोलापूर, तिथून मोटार, अंगावर धुरळ्याचा थर. बहीण आणि भाची न्यायची म्हणून परतीच्या जागा सांगूनच आले होते. इंदूनं या चार दिवसांत होय-नाही काही बोलून दाखवलं नव्हतं. मी अंगणात सरस ढवळत होतो, कान घरात. तिनं भावाला तिळगूळ दिला, चहा दिला, आईची खुशाली विचारली. मेहुणे म्हणाले, “सामान बांधलंस का? उद्या सकाळची मोटार आहे.”

सरस उतू जायला आला होता. मला भांडं उतरवायचं सुचेना.

“तू जा सकाळी,” इंदू म्हणाली, “आणि चैत्रात पुन्हा ये. येताना माझी शिवणाची मशीन आण, माळ्यावर आहे. नीट गोणपाटात बांध, पायडल निखळतं तिचं.” मग अंगणाकडं तोंड करून, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आणि तुमच्या पडद्याचं एक कापड त्यावर शिवणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.”